घेरदार झग्याचे कडे

येरवड्याला पुण्याशी जोडणारा फिट्झजेराल्ड पूल १८६७ साली बांधला गेला. त्या सुमारास इंग्रज स्त्रिया घंटेसारखे फुगलेले झगे घालीत. हा घेर आत दडलेल्या कड्यांवर तोललेला असे. त्या काळावर शाळेत नाटक बसवायचे, तर ही कडी कशाची करावी?

प्रथम सुचते ती बांधकामाची मऊ तार. ती वाकवून पाहा. तिची स्थितिस्थापकतेची मर्यादा लवकर ओलांडली जाते आणि ती वाकडीच राहते. पात्र एकदा खुर्चीवर बसले की घेराचे रूपच गेले! १८५६ पासून पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या वापरात आल्या. त्याआधी घोड्याच्या केसांचे ताठ कापड असे. 'क्रिनोलिन' हे नाव त्यावरूनच पडले.

पण पट्टीच का? पोलादी फूटपट्टी हातात घ्या. सपाट बाजूने ती सहज वाकते, धारेच्या बाजूने मुळीच नाही. वाकण्याच्या दिशेने जाडी दुप्पट असेल, तर विरोध आठपट होतो. म्हणून पट्टी धारेवर उभी ठेवून वळवतात. मग कडे दारातून जाताना आत दबते, पण कापडाच्या भाराने खाली झुकत नाही.

आपल्याला बुरुडाकडची बांबूची कामटी स्वस्त आणि सोयीची. वाळलेली कामटी तडकते. ती रात्रभर भिजवून वळवा. टोके चारपाच बोटे एकमेकांवर घेऊन दोऱ्याने आवळा आणि त्यावर चिंधी गुंडाळा, नाहीतर कूस बोचते.

रंगमंचावर समई मात्र दूर ठेवा. घेराखाली हवा खेळती असते, त्यामुळे सुती कापड भडकन पेटते. त्या काळी असे झगे पेटून कित्येक स्त्रिया दगावल्या.