चंद्र दिवा की आरसा?

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. चंद्र, आरसा, स्टीलचं ताट, सगळेच ‘उजेड देतात’ म्हणते. कसं समजावू?
– एक आई, दर्यापूर

उत्तर : समजावू नका ताई, दाखवा. रात्री खोलीची दारं-खिडक्या लावा, फटींवर चादर टाका. आत ताट, आरसा, टॉर्च ठेवा. (लाइट गेली असेल तर अर्धी तयारी आपोआपच झाली!) टॉर्च लागेपर्यंत ताटही दिसणार नाही आणि आरसाही. मग टॉर्च आरशावर मारा आणि भिंतीवरचा कवडसा तिलाच हलवू द्या.

कापसाच्या ट्रॉलीमागचा लाल रिफ्लेक्टर तर फारच उत्तम. मागून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट पडला तरच तो चमकतो. मांजरीच्या डोळ्यांचंही तसंच. काजवा मात्र स्वतः उजेड करतो.

चंद्र अवघड आहे. इतका लख्ख दिसतो, पण त्याची जमीन डांबरी रस्त्यासारखी काळपट. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम १२ टक्के ती परत पाठवते. हे तिला आज पटलं नाही तरी चालेल, पाठ मात्र करून घेऊ नका.

आणि सूर्याकडे थेट बघू देऊ नका. आरशाचा कवडसाही कुणाच्या डोळ्यांवर नको.