रिसेलचा फ्लॅट घेताय? टोकनआधी पाइपलाइन तपासा

जुना फ्लॅट पाहताना हवा, उजेड आणि पार्किंग नीट पाहिलं जातं. नळ मात्र एकदा सोडून बंद केला की झालं. पण भिंतीत गाडलेली लाइन खराब निघाली, तर फरशी फोडण्यावाचून इलाज उरत नाही. तपासणीला फारसा खर्च नाही. ती टोकन देण्याआधीच करा. खालचे दर पुणे-ठाण्यासारख्या शहरांतले अंदाजे आहेत. गावागणिक फरक पडेल.

स्वतः करा, खर्च शून्य

• स्वयंपाकघरातला नळ आणि बाथरूमचा शॉवर एकदम सोडा. धार फारच बारीक झाली, तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजाने बुजलेला असू शकतो. 1990च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या इमारतींत बहुधा हेच पाइप असतात. बंद घरातलं पहिलं पाणी तांबूस आलं, तर संशय पक्का करा.

• फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका. 20 मिनिटं फ्लश न करता कमोडमध्ये रंग उतरला, तर टाकी गळते आहे.

• नहाणीत बादलीभर पाणी ओता. ते तुंबलं किंवा वास आला, तर निचऱ्याच्या तोंडाखालचा ट्रॅप तपासायला हवा.

• बाथरूमला लागून असलेल्या भिंतींवर रंगाचे पापुद्रे, पांढरे क्षार दिसतात का, ते पाहा. नुकताच रंग दिलेली एकच भिंत विशेष निरखा.

• खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना भेटा आणि त्यांच्या बाथरूमचं छत पाहू द्या, अशी विनंती करा. सर्वांत खरी माहिती इथेच मिळते.

प्लंबरकडून करून घ्या

• घरी येऊन पाहणी: 300 ते 600 रुपये.

• प्रेशर टेस्ट: 1,500 ते 3,000 रुपये. लाइन बंद करून पंपाने दाब देतात. दाबमापकाचा काटा खाली आला, तर कुठेतरी गळती आहे. जुन्या लाइनला जास्त दाब देऊ नका; तो किती द्यायचा हे आधी ठरवा आणि मालकाची परवानगी घ्या.

• पाणी साठवून चाचणी: नहाणीच्या निचऱ्याचं तोंड बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी 24 तास ठेवायचं आणि खालचं छत पाहायचं. वॉटरप्रूफिंगची ही सर्वांत भरवशाची परीक्षा.

दुरुस्ती किती पडेल?

वॉशर बदलणं किरकोळ काम आहे, पण ते टाळू नका: सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी जातं. फ्लशचा आतला संच 500 ते 1,500 रुपयांत बसतो. मात्र एक बाथरूम फोडून नवी सीपीव्हीसी (प्लास्टिकची) लाइन, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स करायच्या, तर 80,000 ते 2 लाख रुपये धरा. मलबा उचलण्याचा खर्च कोटेशनमध्ये लिहून घ्या.

खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या लाइनचा खर्च सभासदाचा. तुमच्या बाथरूममधून खाली गळलं, तर ती दुरुस्तीही तुमचीच. म्हणून गळतीची तक्रार प्रलंबित आहे का, हे सोसायटीच्या सचिवांना आधीच विचारा.

दोष सापडला, म्हणून घर सोडायलाच हवं असं नाही. दोन प्लंबरांची लेखी कोटेशनं घ्या, ती मालकापुढे ठेवा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. ठरलेलं करारात लिहून घ्या. टोकनचा चेक त्यानंतरच द्या.