चोखोबांच्या अस्थी, आणि बाकीच्यांच्या



आजच्या चिंतनाला चोखोबांच्या शेवटाची कथा घेतली आहे. तुम्हाला ती माहीतच असेल, मलाही होती. पण या वेळी वाचताना एका जागी अडकले.

मंगळवेढ्याला कुसवाचं काम चाललं होतं. वस्तीतल्या महारांना वेठीला धरलेलं (वेठ म्हणजे सक्तीची, फुकटची मजुरी), त्यात चोखोबाही होते. कूस ढासळलं आणि सगळे त्याखाली गाडले गेले. परंपरा हे वर्ष शके १२६० सांगते, म्हणजे इ. स. १३३८. पुढे नामदेवराय तिथे गेले तेव्हा नुसती हाडं उरली होती, एकमेकांत मिसळलेली. यातली चोखोबांची कुठली? ज्या हाडातून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू येईल ती. नामदेवांनी ती वेचून पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आजही वारीला गेलात की नामदेव पायरीसमोर ती दिसते.

आजवर मला या कथेत नामाचा महिमाच दिसायचा. तो आहेच. पण चोखोबांबरोबर दबलेले बाकीचे कोण होते? त्यांची नावं कुठल्याच अभंगात नाहीत. त्यांची हाडं बोलली नाहीत, म्हणून ती तिथेच राहिली. ते कूस हीच त्यांची दफनभूमी.

हे आत्ताच का सुचलं, तेही सांगते. आम्ही नारायण पेठेत राहतो. गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर एक आजोबा झोपायचे. निळी चादर, शेजारी पाण्याची बाटली. अभ्यासिकेतली मुलं कधी वडापाव द्यायची, मीही दोनदा चहा दिला. भाद्रपदात एका सकाळी ते उठले नाहीत. पोलीस आले, पंचनामा सुरू झाला. नाव काय? चहावाल्याला माहीत नाही, पेपरवाल्याला नाही, मलाही नाही. कागदावर 'अनोळखी पुरुष' असं लिहिलं गेलं.

अशा वेळी काय होतं ते मी नंतर शोधून वाचलं. फोटो आणि वर्णन देऊन वारसाचा शोध घेतात. कुणीच आलं नाही तर दहन किंवा दफन होतं. नाहीतर कायद्याप्रमाणे देह वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देता येतो. बेघर माणसालाही त्याच्या धर्माप्रमाणे नीट अंत्यसंस्कार मिळायला हवेत आणि ती जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटलं आहे. म्हणजे जो कुणाचाच नाही, त्याचंही काहीतरी देणं लागतो आपण.

पुन्हा नामदेवांकडे येते. कुठलं हाड चोखोबांचं हे त्यांना आधी ठाऊक नव्हतं. म्हणजे शोधायचं तर प्रत्येक हाड हातात घ्यायचं, कानाशी न्यायचं, ऐकायचं. जे बोललं नाही तेही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानत, त्यांच्या अस्थी हा शिंपी एकेक करून उचलतोय! कथा सांगताना आपण ही ओळ भर्रकन ओलांडतो. मला तर आता चमत्कारापेक्षा तीच मोठी वाटते. (आणि समाधी झाली तीही दाराबाहेरच. त्या दारातून चोखोबांच्या लोकांना आत जायला १९४७ उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.)

सर्वपित्रीला घरी आजोबांचं श्राद्ध होतं. तर्पणात एक वाटा असा असतो, की ज्यांचं कुणी नाही, ज्यांना पाणी द्यायला कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी. गुरुजी तिथे आले तेव्हा मी बाबांना थांबवलं आणि पायरीवरच्या आजोबांचं सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "नाव? गोत्र?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "निळी चादर होती त्यांच्याकडे."

गुरुजी क्षणभर थांबले, मग म्हणाले, "चालेल. सोडा पाणी."

रामकृष्णहरी.