रीडिंग जुळत नाही तेव्हा...

घरून आणलेली आमटी डब्यात तशीच राहिली, की दोन दिवसांनी काय होतं ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको! वर फेस आणि खोलीभर वास. पण हे जीव आत आले कुठून? या प्रश्नावर युरोपातले शास्त्रज्ञ दोनशे वर्षं भांडत होते. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी सांभाळून घ्या.)

जुनी समजूत अशी होती, की सडक्या पदार्थातून जीव आपोआप तयार होतात. १६६८ मध्ये इटलीच्या फ्रान्सिस्को रेडीने बरण्यांत मांस ठेवलं. काही बरण्या उघड्या, काही बंद, काहींवर जाळीदार कापड. अळ्या झाल्या फक्त उघड्या बरण्यांतल्या मांसावर. म्हणजे अळ्या मांसातून नव्हे, तर माशांच्या अंड्यांतून येतात.

मग सूक्ष्मजीवांचं काय? इंग्लंडच्या जॉन नीडहॅमने मटणाचं गरम सूप बाटलीत भरून घट्ट बूच लावलं, तरी त्यात जीव दिसले. १७६५ मध्ये इटलीच्या स्पालान्झानीने बाटलीचं तोंडच वितळवून बंद केलं आणि ती बराच वेळ उकळली. काही झालं नाही. नीडहॅम म्हणाला, इतकं उकळून तुम्ही आतली हवाच बिघडवलीत!

फ्रान्सच्या लुई पाश्चरने यावर युक्ती काढली. त्याने फ्लास्कची मान हंसासारखी वाकवली. हवा आत जायची, पण धूळ वळणात अडकायची. उकळलेला द्रव स्वच्छ राहिला. १८६२ मध्ये त्याला फ्रेंच विज्ञान अकादमीचं बक्षीस मिळालं.

वाद संपला? नाही. त्याचा विरोधक फेलिक्स पूशे याने वाळलेल्या गवताचा काढा उकळून त्याला उंच डोंगरावरची हवा दिली, तरी जीव झालेच. पाश्चर वापरत होता यीस्टचा द्रव. उत्तर मिळालं १८७६ मध्ये. जर्मनीच्या फर्डिनांड कोहनने दाखवलं, की गवतातल्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. म्हणूनच आज ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची दाबाखालची वाफ लागते.

म्हणजे पूशेचं रीडिंग खरं होतं, चुकला तो निष्कर्ष.

आणि आपण? मागच्या सेमिस्टरला माझा ग्राफ सरळ येईना. पार्टनरच्या जर्नलमधून तीन रीडिंग उचलली, रेषा सरळ झाली, सरांची सही मिळाली. पण ते तीन बिंदू हटले का होते, हे मला आजही माहीत नाही.