मुलांची कृष्णधवल छायाचित्रे आणि सावळा चेहरा

रुडकीच्या टॉमसन स्थापत्य महाविद्यालयात शिकलेले एक तरुण गृहस्थ १८६६ साली इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्याच्या सचिवालयात एस्टिमेटर व आरेखक म्हणून रुजू झाले. लाला दीनदयाळ हे त्यांचे नाव. कचेरीतील नकाशे व अंदाजपत्रके सांभाळीत असतानाच १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि सर हेन्री डेली यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ती झाली. भारतीय छायाचित्रणातील या थोर पुरुषाची सुरुवात इंदुरातील एका सरकारी नोकरीतून झाली, ही गोष्ट नोकरवर्गाने ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

त्या काळी मुलांचे छायाचित्र घेणे हे मोठे कसोटीचे काम होते. काचेवर कोलोडियन नावाचे द्रावण पसरून, ते ओले असतानाच छायाचित्र घेऊन लगेच धुवावे लागे. प्रकाशन कित्येक सेकंद चाले. तेवढा वेळ मूल हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. त्यामुळे जुन्या चित्रांतील बालके वयाहून प्रौढ आणि काहीशी भेदरलेली दिसतात. दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. ही काच मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई, तांबड्याला जवळजवळ नाही. सावळ्या त्वचेवरून निळा प्रकाश फारच थोडा परततो. परिणामी आपल्याकडील चेहरे प्रत्यक्षापेक्षा अधिक काळे उमटत आणि कपाळीचे कुंकू तर निव्वळ काळा ठिपका होई. विसाव्या शतकात सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली व हा दोष पुष्कळसा दूर झाला.

असे असूनही शाळेच्या वार्षिक छायाचित्रात एखादे सावळे मूल आजही केवळ दोन डोळे आणि दातांच्या खुणेवरून ओळखावे लागते. येथे दोष फिल्मचा नसून पांढऱ्या सदऱ्याचा आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चौकटीत पांढरे गणवेश अधिक असले की प्रकाश फार आहे असा त्याचा समज होतो, तो प्रकाश कमी घेतो आणि चेहरे काळवंडतात. यावर जुना व खात्रीचा उपाय असा : मूल ज्या प्रकाशात बसले आहे त्याच प्रकाशात आपला तळहात धरून त्यावरून मापन करावे आणि त्याहून एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा. तळहाताचा रंग माणसामाणसांत फारसा बदलत नाही, म्हणून हे माप भरवशाचे ठरते. मोबाईलवर काम करणाऱ्याने पडद्यावर मुलाच्या गालावर बोट टेकवून तेथील प्रकाश कायम करावा. सदऱ्याच्या घड्या थोड्या पुसट झाल्या तरी चालेल. छायाचित्र सदऱ्याचे नाही, मुलाचे आहे.

काळवंडलेला चेहरा सुधारण्याचा दुसराही एक मार्ग दुकानांतून चालत आला आहे. तो मात्र त्याज्य मानावा. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की छापात तो भाग उजळतो. या युक्तीने सुरकुत्या घालवीत, व्रण घालवीत आणि मुलगी असेल तर तिला गोरीही करून देत. आजच्या मोबाईलमध्ये हेच काम पुष्कळदा कोणी न सांगताच होते. चेहरा उजळ व गुळगुळीत करणारी ती सोय प्रथम बंद करावी. तांबडा फिल्टरही असाच फसवा असतो. त्याने त्वचा उजळ दिसते, परंतु ओठ फिके पडतात आणि कुंकवाची टिकली जवळजवळ नाहीशी होते. सावळ्या मुलीच्या हाती तिचे गोरे चित्र देणे म्हणजे तिचा खरा चेहरा भिंतीवर लावण्याजोगा नाही असे तिला सांगणेच होय. धूळ, ओरखडे, फिल्मवरील डाग पेन्सिलीने जरूर झाकावेत. तीळ, देवीचा व्रण अथवा आजीने दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट ही मुलाची स्वतःची आहे. (तीट पुसून टाकणाऱ्या कारागिराशी आजीबाईंचे भांडण झाल्यास न्याय आजीच्याच बाजूला जाईल!)

चेहऱ्याला खरा उठाव देतो तो बाजूने येणारा मृदू प्रकाश. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्याने जून महिन्याच्या प्रारंभी आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तेथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. महाराष्ट्रात हे दिवस थोडे आगेमागे येतात इतकेच. अशा उन्हात मुलाला अंगणात उभे केले की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो, नाकाखाली सावली पडते आणि मूल डोळे किलकिले करते. मग दोष मुलाला दिला जातो. जुन्या स्टुडिओंना उत्तरेकडे काचेची तावदाने असत ती याच कारणासाठी, कारण उत्तरेकडून ऊन आत न येता नुसता उजेड येतो. आपल्या घरांना हे साधन आयतेच आहे. ओसरी, पडवी किंवा उत्तरेची खिडकी पाहावी. मुलाला खिडकीपासून तीन-चार फुटांवर असे बसवावे की उजेड एका गालावर पडेल. दुसऱ्या गालाच्या बाजूला, चित्रात येणार नाही अशा बेताने, धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर कोणी तरी धरावी. सावली पुरती जात नाही, पण तिच्यातील तपशील दिसू लागतो. सावळ्या त्वचेवर अशा उजेडाची जी तकाकी उमटते, तीच कृष्णधवल चित्राची शोभा होय. पार्श्वभूमी साधी असावी, मात्र चेहऱ्याइतकीच गडद नसावी, नाहीतर केस तिच्यात विरून जातात. मूल भिंतीला टेकलेले नको, चार-पाच फूट पुढे असावे.

कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. त्यासाठी छायाचित्रकाराने खाली बसावे, गुडघे दुखत असले तरी. पाच फुटांहून जवळ जाऊ नये, कारण जवळून घेतलेल्या चित्रात नाक मोठे व कान लहान दिसतात. फोकस कॅमेऱ्याकडील डोळ्यावर साधावा. सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाहून कमी वेग ठेवू नये आणि उजेड थोडा असल्यास ४०० वेगाची फिल्म वापरावी. ‘हस, हस’ असे म्हणू नये. मुलाला त्याच्या वासराचे नाव विचारावे किंवा भोवरा हाती द्यावा. उत्तर देऊन झाल्यानंतरचा जो क्षण असतो, तो बहुधा उत्तम निघतो.

छापताना मध्यम प्रतीचा कागद पुरतो. डोळ्यांखालची सावली फार दाट वाटल्यास तारेला अडकवलेली पुठ्ठ्याची लहान चकती प्रकाशात क्षणभर हलती ठेवावी, आणि सदरा फार पांढरा वाटल्यास तेवढ्या भागाला थोडा अधिक प्रकाश द्यावा. हायपोनंतर कागद वाहत्या पाण्यात भरपूर धुवावा. हायपो राहून गेला की काही वर्षांत चित्र पिवळे पडून विटते. घरातील जुनी चित्रे अशी विटली असतील तर मुळाला हात न लावता त्याची नक्कल काढून तीवर दुरुस्ती करावी. मूळ चित्र ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. मागील बाजूस मऊ पेन्सिलीने मुलाचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूला उमटते.