दातांचे आरोग्य : विचार दुखण्यापूर्वीचा

ताप आला की माणूस अंथरूण धरतो, जखम झाली की ती डोळ्यांना दिसते. दातांचा रोग मात्र लाकडात शिरलेल्या वाळवीसारखा गाजावाजा न करता आपले काम करीत राहतो. दाढ ठणकू लागते तेव्हा रोगाचा आरंभ झालेला नसतो. त्याने बहुतेक मजल मारलेली असते. खेड्यातील रुग्णाला दंतवैद्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागते आणि एका खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे लवंग, तुरटी, वेदनाशामक गोळी अशा उपायांवर महिने लोटतात आणि अखेरीस दाढ काढून टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हे टाळावयाचे असेल तर दातांचा विचार दुखण्यापूर्वी करावयास हवा. हा विचार घर, शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या सहज आवाक्यातील आहे.

कीड म्हणजे काय?

दातांच्या रोगाला आपण 'कीड' म्हणत असलो तरी तेथे किडा नसतो. दातांवर जीवाणूंचा एक चिकट, पातळ थर सतत साचत असतो. गोड किंवा पिठूळ पदार्थांतील शर्करेवर हे जीवाणू पोसले जातात आणि आम्ल निर्माण करतात. दाताचे बाह्य कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. तथापि आम्लापुढे त्याचाही निभाव लागत नाही. आम्लाचा हा प्रभाव प्रत्येक खाण्यानंतर सुमारे अर्धा तास टिकतो. त्यानंतर लाळ ते आम्ल सौम्य करते व कवचाची थोडीफार डागडुजीही करते.

यावरून एक महत्त्वाचा बोध होतो. किती गोड खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. सणाच्या जेवणात पोटभर पुरणपोळी खाणारे मूल आणि दिवसभर थोड्याथोड्या वेळाने गोळ्या, बिस्किटे व गोड चहा घेणारे मूल यांत दुसऱ्याच्या दातांना अधिक धोका असतो. कारण लाळेला डागडुजीची उसंतच मिळत नाही. रात्री झोपेत लाळ कमी स्रवते. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर दात घासणे हे सकाळच्या मुखमार्जनापेक्षाही अगत्याचे आहे. तान्ह्या मुलाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपविण्याची सवयही याच कारणासाठी टाळावी.

सहाव्या वर्षाची दाढ

मुलांना दुधाचे २० दात असतात आणि प्रौढ माणसाला ३२. 'दुधाचे दात पडावयाचेच आहेत' म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु हे दात मागून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. ते अकाली काढावे लागले तर शेजारचे दात सरकतात व नवे दात वेडेवाकडे येण्याचा संभव वाढतो.

याहून मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही; त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच दाढ समजतात. तिच्यावरील खोल खाचांत अन्नकण अडकून ती लवकर किडते. दहाव्या-अकराव्या वर्षी ती काढावी लागली तर तिच्या जागी दुसरी दाढ येत नाही. पहिलीच्या वर्गातील मुलांच्या पालकांना शिक्षकांनी एवढी एकच गोष्ट समजावून दिली तरी अनेक दाढा वाचतील. या दाढेच्या खाचा वेळीच लेप देऊन बंद करण्याचा उपचार वेदनारहित आहे.

हिरड्यांतून रक्त

दात घासताना हिरडीतून रक्त आले की बहुतेक लोक तेथे घासणेच सोडून देतात. वस्तुतः ते रक्त म्हणजे तेथे थर साचून सूज आल्याची खूण असते. हळुवारपणे, परंतु नेमाने स्वच्छता ठेवल्यास आरंभीची सूज ओसरते. दुर्लक्ष झाल्यास दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि किडीचा मागमूस नसलेले दातही हलू लागतात. लोक यालाच पायोरिया म्हणतात. मधुमेही व्यक्तींना हा विकार अधिक जडतो; गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात.

मशेरी : औषध नव्हे, व्यसन

दातांच्या दुखण्याकडे झालेले दुर्लक्ष आपल्या राज्यात आणखी एका संकटाचे दार उघडते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड, म्हणजे मशेरी, पश्चिम महाराष्ट्र व कोकणात विशेषतः स्त्रिया दातांना लावतात. दाढ दुखते, जवळ वैद्य नसतो. शेजारीण चिमूटभर मशेरी देते. तंबाखूमुळे क्षणभर बरे वाटते. मग सकाळची एक चिमूट दुपारी व रात्रीही लागू लागते. दाढेचे दुखणे मात्र आतून वाढतच असते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली होती. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीने तोंडाचा कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध पुढे आणला. गरोदर स्त्रीने तंबाखू वापरल्यास मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोकाही वाढतो. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी केली. घरच्या तव्यावर होणाऱ्या मशेरीपर्यंत मात्र कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे समजावणीच हवी. 'मशेरी सोड' एवढेच सांगून भागत नाही. तिच्या दुखऱ्या दाढेवर उपचार होतील, हेही पाहिले पाहिजे.

तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, गाठ किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी एकही खूण दिसली तर ती दुखत नाही म्हणून थांबू नये. ३० वर्षांवरील स्त्री-पुरुषांची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी हा सार्वजनिक आरोग्यसेवेचाच भाग आहे. आशा कार्यकर्तीकडे त्याबाबत चौकशी करावी.

काही समज, काही सवयी

वरची दाढ काढल्याने दृष्टी मंदावते, हा समज निराधार आहे. दातांवरील कीटण वैद्याकडून काढून घेतल्याने दात सैल होतात, हाही गैरसमजच होय. राखुंडी, विटेची पूड व कोळसा यांनी दात पांढरे भासले तरी त्यांचे कवच घासले जाते. दुखऱ्या दाढेशी वेदनाशामक गोळी दाबून धरल्यास हिरडी भाजते. कडुनिंबाची वा बाभळीची काडी नीट चावून मऊ केलेली असेल तर ती मुळीच टाकाऊ नाही; परंतु मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट यांनी दाढांच्या मागील बाजूही स्वच्छ होतात आणि कवचाला बळकटी येते. लहान मुलांस वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी व ती थुंकण्यास शिकवावे.

फ्लोराइड अल्प प्रमाणात हितकर, अति झाल्यास घातक. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात ते अधिक आढळते. अशा पाण्याने मुलांच्या दातांवर पडणारे पिवळट-तपकिरी डाग घासून जात नाहीत. तेथे दोष मुलाच्या स्वच्छतेचा नसून पाण्याचा असतो. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास योग्य नव्हे. विंधन विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेणे आणि जरूर तेथे दुसरा स्रोत उपलब्ध करणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे.

गावाने काय करावे?

शाळकरी मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथूनच सुरू झाला. त्यात दातांच्या विकारांचाही समावेश आहे. पथक शाळेत येते, मुलाच्या नावापुढे नोंद होते. पण ते मूल पुढे रुग्णालयापर्यंत पोहोचले की नाही, हे कोणीतरी पाहिले तरच त्या नोंदीला अर्थ येतो. मुख्याध्यापकांनी अशा मुलांची यादी ठेवावी. ग्रामपंचायतीने महिन्यातील एक दिवस ठरवून त्यांना व त्यांच्या मातांना एकत्र रुग्णालयात नेण्याची व्यवस्था करावी. म्हणजे एकेका घराची मजुरी वेगवेगळी बुडणार नाही. माध्यान्ह भोजनानंतर प्रत्येक मुलाने खळखळून चूळ भरावी, यासाठी एक नळ आणि शिक्षकाचे लक्ष पुरेसे आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तिचे पालन होते की नाही, हे ग्रामसभेने विचारावे.

यांपैकी कोणत्याही कामास मोठा निधी लागत नाही. पहिलीतल्या मुलाची दाढ त्याच्या साठीपर्यंत टिकावी आणि त्याच्या आईच्या हातातील मशेरीची डबी सुटावी, एवढे जरी साधले तरी गावाच्या आरोग्याचा पाया भक्कम होईल.