बदकांची शिकार, पुस्तकांपुरती

बदकांच्या शिकारीवरची जुनी पुस्तकं जमवतो असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बंदूक आहे का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग खाता का?" तेही नाही म्हटल्यावर माणूस जरा संशयानंच बघायला लागतो. छत्रपती संभाजीनगरातल्या सलीम अली सरोवराच्या काठाकाठानं सकाळी दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या माझ्या मित्रांनाही हा नाद फारसा पसंत नाही. पक्षी मारणाऱ्यांची पुस्तकं पैसे देऊन घरात का आणायची, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना एवढंच विचारतो की ज्यांच्या नावानं हे सरोवर ओळखलं जातं, त्या सलीम अलींनी पक्षी ओळखायला सुरुवात कशी केली? लहानपणी एअरगननं मारलेल्या चिमणीपासूनच ना? आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, 1931-32 साली, त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तीसुद्धा खांद्याला बंदूक लावूनच. त्या काळी पक्षी हातात आल्याशिवाय त्याची नोंद पक्की धरत नसत.

या नादाला लागू पाहणाऱ्यांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी लिहितो. काही फटके मला बसले आहेत, ते तुम्हाला बसायचं कारण नाही.

सुरुवातीलाच एक अपेक्षा सोडून द्या. आपल्याकडचे लोक ही पुस्तकं उघडतात आणि जायकवाडी शोधतात. ती सापडत नाही, कारण ती तेव्हा नव्हतीच. पैठणच्या या धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि उद्घाटन 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते. त्याआधी, 1972 साली, वन्यजीव संरक्षण कायदा आला होता. धरणाच्या जलाशयावर, म्हणजे नाथसागरावर, पक्षी अभयारण्य झालं 1986 साली आणि परवाना काढून शिकार करायची उरलीसुरली वाट 1991च्या दुरुस्तीनं बंद झाली. म्हणजे मराठवाड्यातलं बदकांचं सर्वांत मोठं पाणी तयार झालं तेच बंदुकींचा काळ सरत आल्यावर. जुन्या पुस्तकांतली बदकं बसायची ती गावतळ्यांवर, नदीच्या डोहांवर आणि पाऊस संपल्यावर उरलेल्या पाणथळींवर. आज त्यांतल्या कितीतरी जागी प्लॉट पडले आहेत. माझ्या लेखी ही पुस्तकं म्हणजे पाण्याचा सातबारा. कुठे पाणी होतं, किती महिने टिकायचं आणि त्यावर कोण उतरायचं, हे शिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. त्यानं ते स्वतःच्या हौसेसाठी लिहिलं, पण लिहिलं हे महत्त्वाचं.

आता कोणती पुस्तकं? ह्यूम आणि मार्शल यांचं हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारी पक्ष्यांवरचं तीन खंडांचं काम 1879 ते 1881 या काळात कलकत्त्याहून निघालं. हा ह्यूम म्हणजे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमच. बदकं तिसऱ्या खंडात आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होईल. दुसरं पुस्तक स्टुअर्ट बेकरचं, खास बदकांवरचं. ते 1908 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं काढलं. बेकर आसामात पोलीस खात्यात होता. बिबट्याच्या हल्ल्यात त्याचा एक हात गेला, तरी पुढची कित्येक वर्षं तो पक्षी आणि अंडी गोळा करत राहिला. त्याच्या पुस्तकातली रंगीत चित्रं ग्रोनव्होल्ड, लॉज आणि क्युलेमान्स यांची आहेत. त्यातलं तलवार बदक बघितलं की आपण त्याला दुर्बिणीतून कधी नीट बघितलंच नव्हतं असं वाटतं. तिसरा लेखक फ्रँक फिन. हिंदुस्थानी बदकं कशी ओळखावीत यावर त्याचं 1901 सालचं छोटं पुस्तक आहे. ते फारसं देखणं नाही, पण कामाचं आहे. नवशिक्यानं फिनपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

आणि इथंच पहिला खड्डा आहे. फिनचं शिकारी पक्ष्यांवरचं आणखी एक पुस्तक 1915 साली निघालं, त्यात ह्यूम-मार्शलच्या खंडांतलीच चित्रं पुन्हा वापरली आहेत. ही चित्रं सुटी करून, चौकटीत बसवून "ह्यूमचं ओरिजिनल" म्हणून विकली जातात. चित्र तेच असतं, पण आवृत्ती पस्तीस वर्षांनंतरची. कागद आणि आकार पडताळून बघितल्याशिवाय पैसे काढू नका. खरं तर सुटं चित्र घेऊच नका. प्रत्येक सुट्या चित्रामागे कुठेतरी एक फाडलेलं पुस्तक असतं.

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगात कधीमधी इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा निघतो. हैदराबादला अबिड्सच्या फुटपाथवर रविवारी त्याहून जास्त निघतात. अजंता एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी तिथं पोहोचता येतं. मुंबईत फोर्टला आता पूर्वीसारखं राहिलं नाही. बाजार कुठलाही असो, "साहब, पूरा सेट है" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. विकणारे चाचा खोटंच बोलतात असं नाही, त्यांनाही माहीत नसतं. ह्यूमचे पहिले दोन खंड हातात येतात आणि बदकांचा तिसरा नसतो, हे नेहमीचंच आहे. आणि खंड पुरा असला तरी चित्रं पुरी असतीलच असं नाही. चित्र काढलेलं कसं ओळखायचं? चित्रावर पातळ झिरझिरीत कागद लावलेला असतो. कागद जागेवर आहे आणि त्याखाली चित्र नाही, असं दिसलं की समजा. समोरच्या छापील पानावर बदकाच्या आकाराची फिकट पिवळट सावली असेल, तर तिथं चित्र होतं. शिवणीत बोट घालून बघा, ब्लेडनं कापलेल्या पानाची अरुंद पट्टी बोटाला लागते. हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात. दुकानदार कितीही घाई करो, ही पाच मिनिटं सोडू नका.

दुसरं म्हणजे घरबसल्या मागवलेली "दुर्मीळ" पुस्तकं. स्कॅनवरून छापलेल्या नव्या प्रतींवर जुनं साल झळकत असतं. पार्सल उघडलं की चकचकीत कव्हर, आत काळी-पांढरी चित्रं, आणि एखाद्या पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठासुद्धा छापलेला. वाचायला काही हरकत नाही, पण मग त्यासाठी पैसे तरी का घालवायचे? हीच पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर रंगीत चित्रांसकट फुकट आहेत. कुठलीही जुनी प्रत घ्यायच्या आधी तिथली प्रत उघडून चित्रांची यादी उतरवून घ्या आणि खिशात ठेवा. बाजारात तीच यादी उपयोगी पडते.

आता बाइंडिंग. हे लिहिताना अजूनही जिवावर येतं. बेकरच्या बदकांची एक प्रत मला मिळाली, पुठ्ठे सुटलेली. पहिल्या पानावर नावाची आद्याक्षरं आणि खाली कँटोनमेंटचा उल्लेख. छावणीतल्याच कुणा अधिकाऱ्याची असावी. पुस्तकभर समासात शिसपेन्सिलीनं बारीक नोंदी होत्या: तारीख, तळ्याचं नाव, किती थापटे, किती चक्रांग, पाणी किती. एका ठिकाणी फक्त 'तळं कोरडं' अशा अर्थाचे दोन शब्द. पुस्तक बाइंडरकडे टाकताना मी त्याला दोनदा सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं, की समास कापायचा नाही. पुस्तक छान होऊन आलं. पाठ नवी, कडा एकसारख्या, गुळगुळीत. मशिनवरच्या पोरानं सवयीप्रमाणे तिन्ही बाजूंनी कटिंग मारलं होतं. तळ्याच्या नावाची आता शेवटची तीन-चार अक्षरं तेवढी शिल्लक आहेत. आकड्यांमधला पहिला अंक गेला. '7' उरलाय, तो 17 होता की 47, कोण सांगणार?

तेव्हापासून मी कुठलंही पुस्तक बाइंडरकडे देत नाही. सुटलेले पुठ्ठे सुती फितीनं बांधून ठेवतो, बाहेरून जाड कागदाचा खोका करतो. दुरुस्ती करणं भागच असेल तर आधी प्रत्येक पानाचा कडेपर्यंत फोटो काढा आणि काम तुमच्यासमोर, हातानं होणार असेल तरच द्या. सेलोटेप तर घरातूनच हद्दपार करा. शिसपेन्सिलीच्या खुणा खोडरबरानं पुसून पुस्तक "स्वच्छ" करून देणारे विक्रेतेही भेटतात. अशी स्वच्छ प्रत शोभेला बरी. मला विचाराल तर छापील मजकूर जगात आणखी शेकडो ठिकाणी आहे, पण समासातली नोंद एकुलती एक असते.

सांभाळण्याबद्दल मुंबई-पुण्याची माणसं सांगतात ते सगळं आपल्याकडे लागू पडत नाही. त्यांचा वैरी पावसाळा. आपला उन्हाळा आणि त्याहून जास्त म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये चामड्याची पाठ सुकून तडकते म्हणून लोक पुस्तकांच्या खोलीतच कूलर लावतात. वाळ्याच्या ओल्या हवेनं दोन आठवड्यांत पानांवर बुरशीचे ठिपके येतात. पुस्तकं घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. गच्चीखालच्या खोलीत नको, कूलरच्या झोतात तर अजिबात नको. डांबराच्या गोळ्या पानांना टेकतील अशा ठेवू नका. महिन्यातून एकदा कपाट उघडून पुस्तकं चाळा. कसर लागते ती न उघडलेल्या पुस्तकाला.

वाचतानाही सावध राहायला हवं. शिकाऱ्याच्या बढाईची झिंग चढते. 12 नोव्हेंबर 1938 रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले, तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. असा आकडा वाचून "काय तो काळ!" म्हणणारे मी बघितले आहेत. मला मात्र त्या थंडीत गळ्याएवढ्या पाण्यात उतरून मेलेली बदकं गोळा करणारा गावचा माणूस दिसतो. या पुस्तकांत बंदुकीच्या बनावटीला, कुत्र्याला, घोड्यालासुद्धा नाव असतं. या माणसाला नसतं. ही पुस्तकं आवडीनं वाचायची तर ही गोष्टही दिसली पाहिजे.

पण याच शिकाऱ्यांनी बदकं वाचवायलाही हातभार लावला, हेही खोटं नाही. आपल्याकडे पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे पहिले प्रयोग 1920च्या दशकात धारच्या पवारांच्या संस्थानात झाले, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीनं आणि बदकांवरच. कडी घातलेलं बदक दूरदेशी कुणी मारलं आणि कळवलं, तरच त्याचा मार्ग कळायचा. इंग्लंडातला पीटर स्कॉट आधी पाणबदकांचा शिकारी आणि चित्रकार. 1946 साली त्यानं स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांची संस्था उभी केली. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांचंच बघा, बंदूक घेऊन रानात जाणारा लेखक पुढे वही घेऊन जायला लागला. आणि गुलाबी डोक्याचं बदक? विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची पक्की नोंद नाही. ते कसं उडायचं, कुठल्या गवतात दडायचं, हे सांगणारे आज फक्त त्याच्यावर बंदूक रोखलेले लोक, म्हणजे ही पुस्तकंच.

एक कायद्याची गोष्ट. जुन्या घरातून पुस्तकं निघतात तेव्हा सोबत पेंढा भरलेला पक्षी, शिंगं, कातडं "तसंच घेऊन जा" म्हणून पुढे केलं जातं. हात लावू नका. पुस्तक ठेवायला परवाना लागत नाही, पण वन्यप्राण्यांचे अवशेष असे घेता-देता येत नाहीत. त्याचा जाब वनखातं विचारतं. शंभर वर्षांवरचं, ऐतिहासिक मोलाचं काही परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवण्याआधीही कायदा विचारून घ्या.

आणि खरा आनंद कशात, ते सांगतो. डिसेंबरात नाथसागराच्या काठी जायचं, मोबाइलमध्ये बेकरचं त्या बदकाचं प्रकरण उघडायचं आणि समोर तेच बदक बघायचं. बेकर सांगतो त्यातलं काही पटतं, काही चुकीचंही वाटतं. हळदीकुंकू बदकाची जोडी दोन पिढ्या निवांत असावी तशी पोहत असते. मूळ प्रत मात्र घरी कपाटात ठेवायची, काठावर न्यायची नाही.

शेवटी एक विनंती. ह्यूमनं आयुष्यभर जमवलेल्या पक्ष्यांवरच्या हस्तलिखितांची बाडं सिमल्याच्या घरातून एका नोकरानं रद्दीत विकली. त्यानंतर पक्ष्यांवरच्या कामातून त्याचं मन उडालं. आपल्या शहरात, पैठणला, जालन्याला, जुन्या जहागीरदारांच्या वाड्यांत अजूनही शिकारीच्या वह्या असतील. मोडी, उर्दू, इंग्रजी, कुठल्याही लिपीत. वाडे पडताहेत, फ्लॅट होताहेत आणि पहिली बाहेर पडते ती रद्दी. अशी वही हाती लागली तर प्रत्येक पानाचे, समासासकट, फोटो काढा. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या, एक गावातल्या पक्षीमित्रांना. शिकारीची लाज वाटत असेल तर घराण्याचं नाव झाकून द्या. तारीख, तळं आणि आकडा तेवढा झाकू नका.